तोरणाचा बांबू

मी एका माणसाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. हे वाक्य मी आजवर कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. दरवर्षी वैद्यकीय तपासणीच्या वेळी भलामोठा फॉर्म भरतो. झोप कशी लागते, दारू किती, चक्कर येते का, सगळं त्यात विचारतात. कुणावर हात उचलला का, हे विचारत नाहीत. विमानतळाच्या पासासाठी मात्र पोलिसांकडून पडताळणी होते आणि तिथं एक रकाना असतो, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का. मी 'नाही' लिहितो आणि ते खरं असतं. गुन्हा माझ्या मोठ्या भावावर दाखल आहे.

आमचं गाव सोनाळ्याकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी संत्र्याचा बगीचा आणि कपाशीचं वावर. बाबांचा हात जड होता. ते चऱ्हाटानं मारायचे आणि मारताना एक शब्द बोलायचे नाहीत. मला त्यांचा हातही मिळाला आणि डोकंही. चौथीत असताना मी एका पोराच्या कानशिलात पाटी घातली, तिचं लाकूड फुटलं, त्याचा कान फाटला. संध्याकाळी त्याचा बाप दारात आला. बाबांनी चऱ्हाट काढलं आणि विचारलं, कोणी मारलं. भाऊ माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. तो दुसऱ्या शाळेत होता, भांडणाच्या वेळी तिथं नव्हताही, तरी तो म्हणाला, मी. बाबांना खोटं कळत होतं, पण त्यांना मारायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी त्याला पाठीवर वळ उठेस्तोवर झोडपलं. मी कोठीत ज्वारीच्या पोत्यामागं बसून ऐकत होतो. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त बरं वाटलं. ते बरं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

पुढं मला विमान शिकायचं वेड लागलं. ओलिताखालचं निम्मं वावर विकून बाबांनी मला पाठवलं. त्यात भावाचा हिस्साही गेला. तो अंगठा देणाऱ्यातला नव्हता, बारावी झालेला होता, कागद नीट वाचून त्यानं सही केली. नोकरी लागली तेव्हा गावानं बसथांब्यावर फ्लेक्स लावला. जळगाव जामोदच्या फ्लेक्सवाल्यानं माझं डोकं कापून कुठल्यातरी दुसऱ्या वैमानिकाच्या धडावर बसवलं होतं. खाली ठळक अक्षरात 'कॅप्टन झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खांद्यावर चार पट्ट्या होत्या. मला तेव्हा तीन मिळायच्या होत्या. चार पट्ट्या डाव्या खुर्चीत बसणाऱ्या कॅप्टनच्या, तीन उजव्या खुर्चीतल्या को-पायलटच्या. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. पण मला वाटलं, चारपाच वर्षांत होऊच कॅप्टन, तोवर कशाला या बिचाऱ्यांचा हिरमोड करायचा. मी फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढून घेतला.

आमच्या धंद्यात हुशारीनं पुढं जाता येत नाही. लागणारे तास भरले, परीक्षा पास झाल्या, की आपण यादीत उभे. यादीत आपला एक नंबर असतो, कामावर ज्या क्रमानं घेतलं त्या क्रमाचा. वरचा माणूस निवृत्त झाला, किंवा कंपनीनं नवी विमानं आणली, की यादी सरकते. माझे तास केव्हाच भरले. यादी सरकायची थांबली. साथीच्या काळात विमानं उभी राहिली, आम्हाला बिनपगारी घरी बसवलं, मग बोलावलं तेव्हा पगार कापलेला होता. त्यातला थोडा परत आला, थोडा 'पुढे बघू' म्हणून राहिला. आमचा पगार उड्डाणाच्या तासांवर असतो, आधी महिन्याला ठरावीक तासांची हमी असायची, ती कमी केली. इंजिनं मिळेनात म्हणून काही विमानं उभीच राहिली, मग तर हमीच्या वरचे तासही गेले. महागाई धरली तर मी लागलो तेव्हापेक्षा आज कमी कमावतो. गावात हे सांगितलं असतं तर लोक हसले असते. विमान चालवणाऱ्याचा पगार कमी होतो यावर आमच्याकडे कोण विश्वास ठेवील. मी दिवाळीला सगळ्यांना कपडे नेत राहिलो.

राग मात्र साठत होता. कॉकपिटमध्ये आवाज चढवता येत नाही, तिथलं सगळं रेकॉर्ड होतं. माझ्याहून वयानं लहान कॅप्टन शेजारी बसून मला चेकलिस्ट वाचायला सांगायचा आणि मी शांत सुरात वाचायचो. मग हॉटेलच्या खोलीत येऊन उशीवर बुक्क्या मारायचो. एकदा बाथरूमच्या दारावर मारली, बोटाची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणालो, बॅग लागली.

आता पोळ्याचं सांगतो, कारण जे घडलं ते पोळ्यालाच घडलं.

आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावची गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेवर, दोन बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि बैलजोड्या त्याखालून काढतात. कुठली जोडी कितवी जायची हे ठरलेलं आहे, पणजोबांच्या आधीपासून. पाटलांची पहिली, मग दुसरं घर, तिसरं घर, मग आम्ही. नियम एकच. सलग तीन पोळे जोडी आणली नाही तर त्या घराचा मान गेला आणि मागचं घर एक जागा पुढं सरकलं. ट्रॅक्टर आले तशी एकेका घरानं बैलं विकली. भावाकडेही ट्रॅक्टर होता. तरी त्यानं जोडी ठेवली, निव्वळ त्या एका दिवसासाठी. वहिनी चाऱ्यावरून बोलायची, तो ऐकून घ्यायचा. दुसरं घर गेलं, तिसरं गेलं. त्या वर्षी पाटलांची बैलं चामडीच्या रोगानं मेली आणि पाटलांनी सांगून टाकलं, आता बैल घेत नाही, पुढचे पोळे आमच्यासाठी थांबू नका. भावाचा मला फोन आला. त्याच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता.

"लहान्या, औंदा आपली जोडी पयली हाये. तू आलाच पाह्यजे."

मी रजा टाकून गेलो. पोळ्याच्या सकाळी मी ओट्यावर चहा घेत होतो आणि फोनवर यादी आली. आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती आणि दोन्हीकडच्या वैमानिकांची मिळून एक यादी करणार, हे महिनोन्महिने चाललं होतं. माझ्या पुढं आधी जेवढे लोक होते त्यात दोनशेहून जास्त नवी नावं घुसली होती. कितीतरी जण माझ्यानंतर विमान शिकलेले. त्यांनी त्यांच्याकडे लवकर बढती घेतली होती, म्हणून ते वर. मी ती यादी तीनदा वरखाली केली. समोर भाऊ बैलांच्या शिंगांना बेगड लावत होता आणि गुणगुणत होता. मला कप भिंतीवर फेकावासा वाटला. मी तो शांतपणे खाली ठेवला आणि चूक तिथंच झाली. तेव्हा फेकला असता तर बरं झालं असतं.

दुपार कलल्यावर आम्ही आखरावर गेलो. पोळ्याला बैलाला कुणी मारत नाही, हातात तुतारी, म्हणजे हाकायची अणकुचीदार काठीसुद्धा धरत नाहीत. भावानं फक्त कासरा धरला होता. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर बाबांचा, ते गेल्यापासून जपून ठेवलेला फेटा. आमची जोडी तोरणासमोर उभी केली आणि लोक त्याच्या पाठीवर थाप देऊन गेले.

तेवढ्यात शेठ आला. शेठ म्हणजे बाहेरून येऊन गावात शेतीवाडी घेतलेला व्यापारी. आमच्या बाबांनी विकलेलं वावर त्यानंच घेतलं होतं. मंदिराच्या सभामंडपाला त्यानं मोठी देणगी दिली होती. त्याची जोडी पांढरीशुभ्र, नुकतीच बाजारातून आणलेली, झुलींवर आरसे. पोळा समितीचे दोघे त्याच्यासोबत होते. ते भावाला बाजूला घेऊन समजावू लागले की यंदा शेठजींची जोडी पहिली जाऊ दे, तुझी दुसरी, एवढ्यानं काय बिघडते. भाऊ हळू आवाजात सांगत राहिला की रांग आहे, पिढ्यांची आहे, मी चाळीस वर्षं वाट पाहिली आहे. तो भांडत नव्हता. विनवत होता. माझ्या भावाला असा विनवताना पाहून माझ्या कानशिलात ठणके पडू लागले. आणि त्यातच शेठ माझ्याकडे वळून हसत म्हणाला,

"कॅप्टनसाहेब, तुम्हीच समजवा यायले. पैसे भरते थो पुढं बसते, तुमच्या विमानात बी असंच असते ना."

लोक हसले. त्यानं ते चेष्टेत म्हटलं होतं, हे मला आज कळतं.

मला दोनशे नावं दिसली. मी तोरणाचा डावीकडचा बांबू दोन्ही हातांनी धरला आणि उपटला. भिजलेल्या मातीतून तो सहज निघाला. तोरण खाली आलं, पानं आणि नारळ बैलांच्या तोंडावर. मी बांबू फिरवला. पहिला फटका शेठच्या खांद्यावर बसला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला. दुसरा मी त्याच्या पाठीत घातला. तिसरा कुणावर पडला मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू, मारताना मला सुख होत होतं. दहाएक वर्षांचं दाबलेलं सगळं त्या बांबूत उतरलं होतं आणि मला थांबायचं नव्हतं.

बैलं उधळली. पन्नास जोड्या, घुंगरमाळा, ढोल, बायांच्या किंकाळ्या. एक म्हातारा तुडवला गेला, त्याच्या पायाची बोटं चेचली. मग सगळेच मारू लागले, कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नव्हता, जुनी भांडणं त्या धुळीत फेडून घेतली गेली. आमच्या जोडीतला उजवा बैल शेठच्या बैलाला जाऊन धडकला. त्याचं बेगड लावलेलं शिंग मुळापासून निघालं आणि रक्त डोळ्यात उतरून तो आंधळ्यासारखा गोल फिरू लागला. भाऊ त्याला धरायला धावला, कासरा हाताला गुंडाळलेला होता, बैलानं त्याला आखरभर ओढलं. उठला तेव्हा त्याचा पांढरा सदरा पुढून लाल झाला होता. बैलाचं रक्त की त्याचं, हे कळत नव्हतं.

तो सरळ माझ्याकडे आला. माझ्या हातातला बांबू त्यानं हिसकला. मला वाटलं, आता मला मारतो. त्यानं चुलतभावाला हाक मारली आणि म्हणाला, याले फटफटीवर घाल आन शेगावले नेऊन गाडीत बसव. मी म्हटलं, मी कुठं जात नाही. तेव्हा त्यानं माझी गचांडी धरली.

"तुह्यावर गुन्हा लागला तर तुहं विमान गेलं. जाय."

मी गेलो. हे मला लिहायला जड जातं, पण मी गेलो. वळून पाहिलं तेव्हा तो पडलेल्या तोरणापाशी बांबू घेऊन उभा होता.

नंतरचं मला वहिनीनं फोनवर सांगितलं. पोलीस आले तेव्हा भाऊ तसाच उभा होता. कुणी मारलं विचारल्यावर म्हणाला, म्या मारलं, बांबू माह्याच हातात हाये. आखरावर निदान दोनशे माणसांनी मला मारताना पाहिलं होतं. त्यातल्या एकानंही माझं नाव घेतलं नाही. आमच्याशी बोलचाल नसलेल्यांनीही घेतलं नाही. आणि शेठनं, दवाखान्यात खांद्याला पट्टा बांधलेल्या शेठनं, जबाब घ्यायला आलेल्या जमादाराला सांगितलं की मोठ्यानं मारलं. मागून तो वहिनीला म्हणाला, गावचा एकच माणूस कॅप्टन झाला, त्याले कायले खाली पाडा. ज्याचं हाड मी मोडलं तोही माझ्यासाठी खोटं बोलला. चार पट्ट्यांसाठी सगळं गाव एक झालं आणि त्या पट्ट्या माझ्याकडे नव्हत्याच.

भाऊ दोन रात्री आत होता. सुटल्यावर आठवडाभर तो टाच टेकवून चालत नव्हता. तिथं काय झालं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर होतो, चेकलिस्ट वाचत होतो, आवाज एकदम शांत होता.

शिंग गेलेला बैल जखमेत अळ्या होऊन महिन्यात मेला. एकट्या बैलाची जोडी होत नाही, दुसरा भावानं विकला. समितीनं ठराव केला की ज्याच्यावर मारहाणीचा खटला चालू आहे त्यानं पोळ्यात उभं राहायचं नाही. ठराव करताना त्यांचीही मान खाली होती म्हणतात. पुढच्या पोळ्याला शेठची जोडी पहिली गेली. भाऊ त्या दिवशी घरातून बाहेर पडला नाही. गोठा रिकामा आहे, तरी तो रोज पहाटे उठून झाडतो.

खटला जळगाव जामोदच्या कोर्टात आहे. तारखा पडत राहतात. गेल्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा त्याच्यासोबत गेलो. वकील म्हणाला, साक्षी मजबूत आहेत, शिक्षा होऊ शकते, तयारी ठेवा. वकील आत गेल्यावर आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात उभे होतो.  भाऊच मला धीर देऊ लागला. म्हणाला, होऊन होऊन काय होईल, वर्ष दोन वर्षं. आणि मग हसला.

"कॅप्टन तं वाचला ना. बस झालं."

 मी म्हटलं, भाऊ, मी कॅप्टन नाही. कधीच नव्हतो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग मी सगळं सांगितलं. डावी खुर्ची, उजवी खुर्ची. यादी. पोळ्याच्या सकाळी फोनवर काय आलं ते. पगार किती होता आणि आता किती आहे. फ्लेक्सवरचं धड दुसऱ्याचं होतं. त्यानं मध्ये फक्त दोन गोष्टी विचारल्या. पहिली, हे तुले फ्लेक्स लागला तेव्हाच ठाऊक होतं का. मी म्हटलं, हो. दुसरी, आता तुह्या पुढं किती जण हायेत. मी आकडा सांगितला.

त्यानं मला मारलं. उजव्या हातानं, डाव्या गालावर, पूर्ण ताकदीनं. बाबा मारायचे तसं, आधी काही न बोलता. मी खांबावर आदळलो, तोंडात रक्ताची चव आली. दुसरी मारायला हात वर गेला आणि तिथंच थांबला. आयुष्यात त्यानं मला पहिल्यांदा मारलं होतं. माझ्या वाटचा मार त्यानं किती खाल्ला होता, आणि मला कधी बोट लावलं नव्हतं. व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. 

"तू पुढं गेला म्हणून म्या मांगं राह्यलो बे," तो म्हणाला. "काऊन नाही सांगितलं?"

 तेवढ्यात शिपायानं पुकारा केला, आरोपी हाजिर हो. भावानं सदरा खाली ओढला, बाह्यांची बटणं लावली आणि आत गेला. मी त्याच्या मागं दारापर्यंत गेलो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, साहेब, बांबू मी उपटला. न्यायाधीशांनी त्याचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, पुढची तारीख मिळाली. सगळं मिळून दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात पास होता, परवाना होता, महिन्याचे तास होते. मी दाराशी उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी माझं उड्डाण होतं. उजव्या खुर्चीत बसलं की डावा गाल कॅप्टनकडे असतो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, त्या दोनशेंपैकीच एक, स्वभावानं चांगला पोरगा. सुजलेल्या गालाकडे बघून त्यानं विचारलं, सर, काय झालं. तो मला सर म्हणतो, वयामुळे. मी म्हणालो, पडलो.

भाऊ आता फोन उचलत नाही. वहिनी उचलते, तारीख सांगते आणि ठेवते. निकाल या पोळ्याच्या आत लागेल असं वकील म्हणतो. जाऊन खरं सांगायचं, असं मी रोज ठरवतो. दहा वेळा अर्ज लिहून फाडला. हे मात्र लिहून पूर्ण केलं आहे. यात मी गावाचं नाव घातलं नाही, भावाचं नाही, माझंही नाही. सभ्यपणा म्हणून नव्हे. यादीत माझा जो नंबर आहे तो मला अजून सोडवत नाही.